‘क’ विभागातली विहीर

फेब्रुवारीत चार दिवस रत्नागिरी जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की ऑफिसातला प्रत्येक जण एकच विचारतो, आंबे आणले का. फेब्रुवारीत आंबे झाडावर बोराएवढे असतात, ते कोण आणणार? मी डोकं तेवढं तापवून आणलं, आणि ते अजून निवलेलं नाही. ज्यांना त्या बाजूला जायची कधी वेळ आली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. निसर्ग वाचायचा असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

मी पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीत आस्थापना विभागात आहे. माणसांच्या फायली, रजा, पगारवाढ हे माझं काम. सात वर्षांपूर्वी साहेबांनी माझ्याकडून साइट सुपरवायझरांच्या पगाराचा एक तक्ता करून घेतला. ‘अ’ विभाग म्हणजे पुणे-मुंबई. ‘ब’ म्हणजे कोल्हापूर, नाशिक वगैरे. उरलेलं सगळं ‘क’. एकाच कामाला पुण्यात शंभर रुपये, तर ‘क’मध्ये सत्तर. “कोकणात माणसाला लागतं काय?” साहेब म्हणाले होते. “भात, मासळी आणि परसातला नारळ.” मला ते पटलं. मी टाइप केलं, प्रिंट काढली, सही घेतली. सकाळच्या चहाच्या आत काम संपलं होतं. पुढे पूर्णगड नावाचं गाव त्या तक्त्यात सगळ्यात खालच्या ओळीत आलं, तेव्हाही ते कुठे आहे हे मी नकाशातसुद्धा बघितलं नव्हतं.

यंदा तीन वर्षांचे नवे करार करायचे होते. दोन सह्या राहिल्या होत्या, चिपळूणचे सुर्वे आणि पूर्णगडचा इम्तियाज होडेकर. सुर्व्यांची नुसती आळसाने राहिली होती. होडेकर मात्र फोनवर सरळ नाही म्हणत होता. शनिवारपर्यंत त्याची सही आली नाही तर त्याची जागा पुण्याच्या माणसाला द्यायची, असं ठरलं होतं. तसं होडेकरबद्दल कुणाचं मत बरं नव्हतंच. त्याची फाइल मीच सांभाळते. दर महिन्याला साइटवरून जो छापील तक्ता येतो, त्यात ‘काम बंद’चे रकाने असतात: पाऊस, माल नाही, मजूर नाही, इतर. होडेकरच्या तक्त्यात दर पंधरा दिवसांनी दोन दिवस काम बंद, आणि खूण नेहमी ‘इतर’वर. कुणीतरी तारखा पंचांगाशी लावून बघितल्या तर त्या अमावस्या-पौर्णिमेच्या निघाल्या. त्यावर ऑफिस आठवडाभर हसलं. मुसलमान असून अमावस्या पाळतो म्हणे. मीही हसले, आणि त्याला ‘विनाकारण काम बंद’चे तीन मेमो धाडून त्याची वार्षिक वाढ थांबवण्याचं पत्रही मीच टाइप केलं.

“घोरपडे मॅडम, तुम्हीच जा,” साहेब म्हणाले. “बाईमाणूस गेलं की माणूस वाद घालत नाही. गोड बोलून सही आणा.” या वाक्याचा राग मला तेव्हा यायला हवा होता. तो आला कुंभार्ली घाटात, तीन तास उशिरा.

बुधवार, चिपळूण

सुर्वे सत्तावन्न वर्षांचे आहेत. बाजारपेठेजवळच्या चार मजली इमारतीवर ते आमचे सुपरवायझर आहेत. मी पोचले तेव्हा ते तळमजल्याच्या खांबावर खडूने एक रेघ मारून गवंड्याला काही समजावत होते. रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. मला वाटलं खिडकीची उंची असेल.

“पुराची रेघ ती,” सुर्वे म्हणाले. “नकाशात नाय. पन विजेचा बोर्ड तिच्या वर बसवायचा असतो, नायतर पुढच्या वेळी माणूस मरतो.”

मी विचारलं, मग हे पुण्याच्या आर्किटेक्टला कळवलं का. ते म्हणाले, कळवलं, त्यांनी नकाशा दुरुस्त करून पाठवला, खाली आर्किटेक्टचीच सही होती. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार नव्हती याचा मला जास्त त्रास झाला.

दुपारी त्यांनी मला एका खानावळीत नेलं. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी आणि तांदळाची भाकरी इतकी चांगली होती की मी कराराचे कागद मांडीखाली दाबून ठेवले आणि आधी जेवले. जेवताना सुर्व्यांच्या घराचं निघालं. ते भाड्याने दुसऱ्या मजल्यावर राहतात. खालचं का घेत नाही, स्वस्त पडेल, असं मी अगदी पुणेरी शहाणपणाने विचारलं.

“खालचा स्वस्तच मिळतो मॅडम. पन पानी आला की मंडळीला आनि सामानाला वर कोन नेनार? मी तर साइटवर असनार. म्हनून मग वरचा. वरच्याचा भाडा पुरानंतर डबल झालाय.” मग ते हसले. “पुण्याचे इंजिनीअरसाहेब हायत ना आमचे, ते माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांचा भाडा कंपनी भरते.”

सही त्यांनी आमच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून केली. मी म्हटलं, वाचून तरी घ्या. “वाचून काय बदलनार हाय काय ता?” ते म्हणाले आणि पेन मला परत दिलं. पेन माझं होतं, कागद माझा होता, आकडा माझा होता. मी ‘थँक्यू’ म्हणून गाडीत बसले.

गुरुवार, रत्नागिरी

सकाळी मी बाजारात गेले. पर्यटक जातो तशी नाही, पिशवी न घेता, कागद-पेन घेऊन. गवार काय भाव, टोमॅटो काय भाव, दूध काय भाव. प्रत्येक भाव लिहून घ्यायचा आणि नवऱ्याला फोन करून आमच्या कोपऱ्यावर तोच जिन्नस कितीला आहे ते विचारायचं. तिसऱ्या फोनला त्याने विचारलं, तुला बरं वाटत नाहीये का.

भाजीवाली मला बराच वेळ न्याहाळत होती. शेवटी म्हणाली, “घ्यायचा नसंल तर भाव कशाला लिवतंस बाय?”

मी खरं ते सांगितलं, की पुण्यापेक्षा इथे सगळं स्वस्त असतं असं मी समजत होते.

“कसा असंल स्वस्त? सगळा घाटावरनं येतां. कोल्हापूरवरनं ट्रक येतो तो. डिझेल काय आमी भरतव काय?”

नारळ आणि मासळी, साहेबांचे दोन लाडके जिन्नस, तेवढे तरी हाताला लागतील म्हणून मासळी बाजारात गेले. सुरमईचा भाव ऐकून मी दोन पावलं मागे आले आणि कुणाच्या तरी टोपलीत पाय घातला. चप्पल बांगड्यांच्या पाण्याने भरली. कोळणीने नुसती टोपली सरकवली. चांगली मासळी मुंबईला जाते, तिथे जो भाव मिळतो तोच इथे लागतो, असं शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं. ते स्वतः स्वस्तातली मांदेली घेत होते.

मला हे घाटाचं गणित काही केल्या उलगडेना. भाजी घाट उतरली की महाग होते. पुण्याचा माणूस घाट उतरला की त्याला भत्ता मिळतो. जो इथेच जन्मला तो तेवढा स्वस्त. आणि हे गणित देवाने केलेलं नाही, एका बाईने पुण्यात पंख्याखाली बसून केलेलं आहे.

शुक्रवार, पूर्णगड

पावस गावाच्या पुढे रस्ता वळत वळत खाडीकडे उतरतो. दोन्ही बाजूला कातळ, मध्येच काजूची बाग, आणि मग एकदम मुचकुंदी नदीचं मुख आणि त्याच्या डोक्यावर छोटासा किल्ला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम फोटो काढा. मी काढला नाही, कारण मला लांबूनच आमची साइट दिसली होती. मासळी उतरवायच्या धक्क्याची भिंत अर्धी उभी होती, मिक्सर बंद होता आणि वीसेक माणसं माडांच्या सावलीत बसलेली होती. सकाळचे अकरा वाजले होते. मोबाइलवर बघितलं, पौर्णिमा.

मला वाटलं, सापडला. कोकणाबद्दल दोन दिवसांत जो काही पुळका आला होता तो तिथल्या तिथे गेला. तणतणत मी साइटच्या शेडमध्ये शिरले.

शेडमध्ये एकाच टेबलाशी दोघं बसलेले होते. एक आमचा कदम, भोरचा, तिशीचा, आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून इथे पाठवलेला. दुसरा इम्तियाज होडेकर, पंचेचाळीसच्या आसपासचा, बारीक, दाढी राखलेला, चष्मा दोरीने गळ्यात. अकरा वर्षं आखातात बंदरांच्या कामावर फोरमन होता हे मला फाइलमधून माहीत होतं. दोघांचं पद एक, काम एक, टेबलही एक. कदमला पुण्याचा पगार, वर बाहेरगावचा भत्ता, खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे. इम्तियाजला तक्त्यातली शेवटची ओळ.

“काम का बंद आहे?” मी बसलेही नव्हते.

इम्तियाज उठला. आवाज चढवला नाही. आमच्या पुण्याच्या साइटवर सुपरवायझर ओरडल्याशिवाय बोलत नाही, त्यामुळे मला तो उद्धटच वाटला. “या मॅडम,” तो म्हणाला, “दाखवतो.”

शेडच्या मागे जांभ्याने बांधलेली विहीर होती. साइटचं सगळं पाणी तिचं. त्याने पोहरा सोडला, पाणी वर काढलं, ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवलं आणि बाजूला थुंकलं. मग शेडमधून एक बाटली आणली. “ता चार दिवसांमागचा पानी. आनि हा आत्ताचा. घ्या जरा तोंडात.”

मी दोन्ही घेतलं. मला दोन्ही सारखंच लागलं. मी तसं सांगितलं.

“कदमभाऊंना पन तसाच वाटतां,” तो म्हणाला. कदमने मान खाली घातली. “ह्यो मचूळ झालाय. उधाणाला समुद्र खाडीत चढतो, खाडी विहिरीत चढते. दोन दिवस, कधी तीन. ह्या पान्याने काँक्रीट केला तर आज काय दिसनार नाय. चार-पाच वर्षांनी आतली सळी गंजते, फुगते, आनि भिंत आतनं फुटते. भिंतीवर तेव्हा मानसं उभी असतात, टोपल्या घेऊन.”

अमावस्या आणि पौर्णिमा. उधाणाची भरती. आख्ख्या ऑफिसात एकालाही समुद्र आठवला नव्हता. पंचांग आठवलं होतं.

“मग हे कळवलं का नाही?” मी विचारलं, आणि विचारताना मला उत्तर माहीत होतं.

त्याने साइटचं रजिस्टर आणून माझ्यासमोर उघडलं. प्रत्येक वेळी, तारखेसमोर, स्वच्छ अक्षरात: विहिरीचे पाणी मचूळ, मिक्सर बंद ठेवला. त्याखाली बऱ्याच ठिकाणी: गोड्या पाण्याचा टँकर मागितला, मंजुरी नाही. रजिस्टर साइटवरच राहतं. पुण्याला जातो तो छापील तक्ता, आणि त्यात पाण्याला रकाना नाही. तो तक्ता कुणी आखला होता हे त्याने विचारलं नाही. मीच आखला होता हे मीही सांगितलं नाही, आणि त्या क्षणी मला माझीच चीड आली.

कदमने मग सांगितलं की पाण्याचा नमुना रत्नागिरीला तपासायला धाडता येतो, पण अहवाल येईपर्यंत आठवडा जातो आणि इथे पाणी सहा तासांत बदलतं. पाण्याचा खारटपणा मोजायचं, हातात धरायचं मीटर मिळतं, ते त्याने मागितलं होतं. खरेदी विभागाने तीन दरपत्रकं जोडा म्हणून कळवलं. “तोपर्यंत मॅडम, भाईंची जीभ,” तो म्हणाला. यात विनोद नव्हता.

जेवायला इम्तियाजच्या घरी गेलो. कदमही आला. तो रोजच तिथे जेवतो, कारण गावात खानावळ नाही. जेवणाचे पैसे कंपनी त्याला देते, आणि तो ते द्यायला गेला तर इम्तियाजची बायको नसीम घेत नाही. “भावासारखा हाय, त्याच्याकडनं पैसे कसले घ्यायचे,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात सालनातल्या बांगड्याचा आणखी एक तुकडा टाकला. नारळाच्या रसातलं सालन, गरम भाकरी, लोणच्याची फोड. आमच्याकडे पाहुण्याला पहिली भाकरी वाढून ‘आणखी हवी का’ विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात.

भिंतीवर त्यांच्या मुलीचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. मार्चमध्ये दहावी. इम्तियाज आखातात होता तेव्हा ती वर्षातून एक महिना बाप बघायची. ती पहिलीत गेली, सायकल शिकली, आजारी पडली, सगळं त्याने फोनवर ऐकलं. धक्क्याचं काम आपल्याच गावात निघालं म्हणून तो परत आला होता. ओमानमधल्या सलालाहच्या एका कामावरून त्याच्या चुलतभावाने आता पुन्हा बोलावलं होतं. करार करायचा की जायचं, हे त्याला शनिवारपर्यंतच सांगायचं होतं.

“मी तिकडच्या एवढा मागत नाय,” तो हात धुऊन आल्यावर म्हणाला. “माझ्या बाजूच्या खुर्चीवर जो बसतो, त्याला देताव तेवढा द्या. भत्ता नको, भाडा नको. घर माझा हाय.”

कदम उठून ओटीवर गेला.

“त्याचा काय दोष नाय,” इम्तियाज हळू म्हणाला. “चांगला मानूस हाय. पन मला एक सांगा मॅडम. मी पूर्णगडचा हाय म्हनून माझा पगार कमी. मी पूर्णगडचा हाय म्हनूनच ता पानी मला कळतां. ह्यो हिशोब कसा लावलाव तुमी?”

मी करार पिशवीतून काढलाच नाही. म्हटलं, मी साहेबांशी बोलते, सोमवारपर्यंत थांबा. नसीमने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ताई, तुमच्या हातात हाय काय ता?” मी हो म्हणाले. इतकं मोठं खोटं मी आयुष्यात फार वेळा बोललेले नाही.

गाडीकडे जाण्याआधी किल्ल्यावर गेले. तटावरून खाडी, होड्या, पुलावरची रहदारी आणि आमची अर्धी भिंत एकदम दिसतात. भरती पूर्ण चढली होती. भिंतीपलीकडचं पाणी आणि विहीर यांच्यात जेमतेम पन्नास पावलांची जमीन होती. ती बघायला कुणाला शिक्षण लागत नाही, फक्त यावं लागतं.

शनिवार आणि नंतर

परतीचा प्रवास आठवत नाही, सगळा वेळ मी मनातल्या मनात साहेबांशी भांडत होते. प्रत्यक्षात भांडण पाच मिनिटं चाललं. मी बाजारभावांचा कागद पुढे ठेवला, रजिस्टरच्या पानांचे फोटो दाखवले, विहिरीचं आणि मीटरचं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, माणूस चांगला आहे हे मान्य, पण एका ‘क’वाल्याला ‘अ’ दिला तर उद्या सुर्वेही मागतील. मी म्हटलं, मागू देत की. ते म्हणाले, मॅडम, तक्ता तुमचाच आहे. मी माझे कागद उचलून बाहेर आले. मेमो मागे घेण्याचं पत्र मी त्याच दिवशी टाइप केलं. ते अजून सहीसाठी पडून आहे.

इम्तियाज सलालाहला गेला. मुलीचा पहिला पेपर होता त्याच्या चार दिवस आधी. कदम आता तिथे एकटा सुपरवायझर आहे, त्याच पगारावर, त्याच भत्त्यांवर. म्हणजे सत्तरचे शंभर मागणारा गेला आणि सव्वाशे घेणारा राहिला.

गेल्या आठवड्यात पूर्णगडचा महिन्याचा तक्ता आला. काम बंद दोन दिवस, पुन्हा दोन दिवस. खूण ‘इतर’वर. मी कदमला फोन केला, म्हटलं, तुला पाणी कळायला लागलं की काय.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “नसीमभाभी बघतात. रोज सकाळी विहिरीवर येतात, पाणी जिभेवर धरतात, तिकडे भाईंना फोन लावतात. भाई विचारतात, कितपत खारट, घशाला लागतं का नुसतं जिभेला. मग मला फोन करून सांगतात, चालू कर नाहीतर बंद ठेव. एक दिवस चुकलेला नाही.”

मी विचारलं, कशासाठी करतात ते? त्यांचा आता काय संबंध?

“मीही विचारलं. भाई म्हणाले, मासळी उतरवायला त्या भिंतीवर माझा भाऊच उभा राहणार आहे.”

मी तक्ता घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ‘इतर’वर बोट ठेवलं आणि हसले. “कदमपण अमावस्या पाळायला लागला वाटतं.” मी या वेळी हसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, विहीर, नसीम, सलालाहचा फोन. सांगताना आवाज चढला, बाहेरच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“मग ती मीटरची मागणी रद्द करा,” ते म्हणाले. “फुकटात होतंय की.”